खोटी सही, खरं पातं: ‘कोतेत्सु’च्या नावाखाली 16 लाख 80 हजार येन गेले

16 लाख 80 हजार येन. टोकियोतल्या दुकानात रोख मोजले. 54.2 सेमीची वाकिझाशी, म्हणजे आखूड तलवार, सही नागासोने कोतेत्सुची. तपासणीला पाठवली, तर सही खोटी ठरून परत आली.

कोतेत्सु म्हणजे मूळचा चिलखतं घडवणारा कारागीर. पन्नाशीच्या सुमारास एदोत, म्हणजे जुन्या टोकियोत, तलवारींकडे वळला, 1678 मध्ये वारला. ‘कोतेत्सु दिसली की खोटी समजा’ असं जपानात म्हणतातच. मलाही ते माहीत होतं. पण पातं खरोखर जुनं होतं, वक्रता कमी, पोलाद स्वच्छ. दुसऱ्या कुणाच्या तरी पात्यावर नंतर नाव कोरलेलं. अशा जोडकामात जाणतेही चुकतात, मी एकटाच मूर्ख नाही.

तरीही, दुकानदाराने बांबूची खुंटी ठोकून काढली, मूठ उतरवली, तेव्हा सगळं समोर होतं. नाकागोवर, म्हणजे मुठीत बसणाऱ्या भागावर, गंज काळपट तपकिरी, एकसारखा. अक्षरांच्या तळाशी मात्र लालसर, ताजा. तीनशे वर्षांत गंज अक्षरांतही तेवढाच मुरायला हवा. छिन्नीने उठलेली कड बोटाला टोचत होती. जुन्या सहीत ती झिजून गुळगुळीत होते. ‘आधीच्या मालकाने घासून साफ केलंय,’ तो म्हणाला. नाकागो कुणी जाणता माणूस घासत नाही, कधीच नाही! मी ऐकून घेतलं. तिथेच उठायला हवं होतं.

वळणही जुळत नव्हतं. कोतेत्सुच्या नावातलं ‘तोरा’ (वाघ) अक्षर चौकटीसारखं, म्हणजे त्याच्या उत्तरकाळातलं, आणि हामोन, म्हणजे धारेलगतची नक्षी, भोपळ्यासारखा लहानमोठा, म्हणजे सुरुवातीच्या काळातला. उत्तरकाळात तो मण्यांच्या माळेसारखा होतो. सही आणि धार एकाच काळातली आहे का, हे आधी ताडा. भिंग न्या. उजेड तिरपा पाडा.

आणि तोरोकुशो! प्रांताच्या शिक्षण मंडळाचं हे नोंदणीपत्र. लांबी, वक्रता, खुंटीची भोकं आणि कोरलेली सही जशी दिसते तशी लिहिलेली. ते खरेपणाचं प्रमाणपत्र नव्हे. नोंदणी कार्यालयाला फोन केला: ‘आम्ही खरंखोटं बघत नाही.’ मग त्या शिक्क्याच्या जोरावर दुकानं माल विकतात, ते कोण बघतं? पोलीस म्हणाले, दिवाणी बाब. 188 या ग्राहक मदत क्रमांकावर सल्ला मागितला, त्यांनी पावती वाचायला सांगितली. पावतीवर फक्त ‘सही: कोतेत्सु’. ‘अस्सल सही’ हे शब्द नव्हते, तपासणीत नापास झाल्यास परत घेण्याची अटही नव्हती. तीन ठिकाणी तीच कहाणी सांगितली, तिन्हीकडून दार बंद.

नापास झाल्यास परत घेण्याची अट लेखी घ्या, नाहीतर पैसे देऊ नका. अस्सलपणाची 1982 पूर्वीची प्रमाणपत्रं दाखवली, तर नवी तपासणी मागा. स्वस्त कोतेत्सु नसतेच.

पॉलिश करणारा म्हणतो, सही पुसून बिनसहीची म्हणून पुन्हा पाठवा, पात्याची योग्य किंमत येईल. पुसणार नाही. ती सही माझ्याकडचा एकमेव पुरावा आहे.