शिफ्ट ड्युटी, ऑनलाइन कोच आणि जिममधला पर्सनल ट्रेनर: दोन्ही वापरून आलेला अनुभव

आधी जवळपास वर्षभर जिममध्ये पर्सनल ट्रेनर लावला होता आणि त्यानंतर गेले आठ-नऊ महिने ऑनलाइन कोचिंग चालू आहे. दोन्हीचे पैसे माझ्याच पगारातून गेलेत, त्यामुळे जे पटलं ते पटलं आणि जे खटकलं ते खटकलं असं सरळ लिहितोय. ॲपचं आणि जिमचं नाव लिहीत नाही, कारण माणूस बदलला की सर्व्हिस बदलते हे दोन्हीकडे बघितलंय. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी एवढंच, की माझ्यासारख्या शिफ्टवाल्या आणि बेसिक व्यायाम शिकून झालेल्या माणसाला ऑनलाइन कोच जास्त फायद्याचा ठरला, पण माझ्या आईला तेच ऑनलाइन अजिबात चाललं नाही, तिला समोर माणूसच लागला.

मी नाशिकला अंबड एमआयडीसीत क्वालिटीला आहे, चाळिशी पार केलेली, फर्स्ट-सेकंड-नाईट अशी दर आठवड्याला फिरती शिफ्ट, दिवसभर सेफ्टी शूज घालून काँक्रीटवर उभं राहायचं. शुगर बॉर्डरवर आली तेव्हा डॉक्टर म्हणाले नुसतं चालून भागणार नाही, मसल्ससाठी काहीतरी चालू करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या गाइडलाइनमध्येही हेच आहे, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. हा दुसरा भाग आपल्याकडे चाळिशीनंतरच्या लोकांना कुणी सांगतच नाही, सगळे आपले सकाळी ट्रॅकवर चालायला.

तर पर्सनल ट्रेनर. पोरगा खरंच चांगला होता आणि त्याने जे शिकवलं त्यावरच पुढचं सगळं उभं आहे. डेडलिफ्टच्या (जमिनीवरून वजन उचलायचा व्यायाम) आधी त्याने मला बरेच दिवस वजनाला हातच लावू दिला नाही. एक प्लास्टिकचा पाइप माझ्या पाठीवर उभा धरायचा, डोक्याच्या मागे, दोन खांद्यांच्या मध्ये आणि खाली माकडहाडाला असा तीन ठिकाणी पाइप टेकला पाहिजे, आणि मग कंबर मागे ढकलत वाकायचं, तिन्हीपैकी एक जरी जागा सुटली तरी तो पाइपवर टिचकी मारायचा. मला स्वतःला वाटायचं पाठ सरळ आहे, आणि टिचकी पडायची. हे मोबाईलवरून शिकलो असतो असं मला वाटत नाही, निदान इतकं पक्कं तरी नक्कीच नाही. आपली पाठ आपल्याला दिसत नाही, आणि ती वाकतेय हे त्याच सेकंदाला कळलं तरच अंगात बसतं.

अडचण झाली ती वेळेची. महिन्याला बारा सेशनचं पॅकेज, स्लॉट फिक्स, आणि आदल्या दिवशी कळवलं नाही तर सेशन गेलं. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात संध्याकाळी जमायचं, सेकंडच्या आठवड्यात सकाळी, आणि नाईटच्या आठवड्यात सकाळी सुटून झोप न घेता डायरेक्ट जिम, तिथे ट्रेनर आपल्या उत्साहात, त्याला कालच्यापेक्षा जास्त वजन लावायचंय आणि माझे डोळे मिटतायत. त्याची चूक नाही, तो रात्री झोपून आलेला असायचा आणि त्याला माझा तो एक तासच दिसायचा. संध्याकाळच्या गर्दीत तर पैसे पर्सनलचे भरायचे आणि ट्रेनर दोघा-तिघांमध्ये फिरणार, हे बऱ्याच जिममध्ये चालतं, डोळ्यांनी बघितलंय.

आणि मग एक दिवस तो दुसऱ्या जिमला गेला. नवीन ट्रेनर आला आणि पहिला प्रश्न, "दादा, आत्तापर्यंत काय काय केलंय?" इतक्या महिन्यांत मी किती वजनाने सुरू केलं, कुठे अडकलो, कुठला गुडघा कधी दुखला, यातलं काहीही कुठे लिहिलेलं नव्हतं, सगळं आधीच्या ट्रेनरच्या डोक्यात होतं आणि ते डोक्यासकट गेलं. आमच्या कंपनीत साध्या ड्रिलिंग मशीनलासुद्धा हिस्ट्री कार्ड असतं, बेअरिंग कधी बदललं, कोणी बदललं, सगळं. मला हे फार लागलं, आणि कोचिंग घेताना पहिली गोष्ट काय बघायची याचं उत्तर मला तिथे मिळालं: माझी नोंद कुठे ठेवली जाणार आणि ती कोण वाचणार.

ऑनलाइन कोचिंग त्यासाठीच घेतलं. म्हणजे जिमची साधी मेंबरशिप चालू ठेवली आणि कोच ऑनलाइन. प्लॅन ॲपवर येतो, प्रत्येक सेटचं (सलग एका दमात केलेली खेप) वजन आणि रेप्स (त्यात किती वेळा उचललं ते) भरायचे, ठरावीक व्यायामांचे व्हिडिओ पाठवायचे, आठवड्यातून एक कॉल. माझ्या कोच मॅडम पुण्याच्या आहेत. त्यांनी सगळ्यात आधी काय केलं असेल तर माझं शिफ्टचं शेड्यूल मागितलं. प्लॅनमध्ये सोमवार-मंगळवार काढूनच टाकले, ए-बी-सी असे तीन दिवस दिले, जेव्हा जमेल तेव्हा पुढचा दिवस करायचा, आठवडा संपला म्हणून काही बुडत नाही. आणि नाईटच्या आठवड्यात वजन ठरवायचं आरपीई वर. म्हणजे सेट संपल्यावर स्वतःला विचारायचं अजून किती रेप्स निघाले असते, एकही नसता निघाला तर १०, दोन निघाले असते तर ८. नाईटला मॅडम ६-७ च्या वर जाऊच देत नाहीत. त्यामुळे ज्या आठवड्यात झोपेचं खोबरं झालेलं असतं त्याही आठवड्यात व्यायाम होतो आणि अंग मोडत नाही. मला या एका गोष्टीसाठीच पैसे वसूल वाटतात.

व्हिडिओचं म्हणाल तर मला आधी शंका होती. मॅडमनी सांगितलं, पहिल्या सेटचा व्हिडिओ नको, शेवटच्या सेटचा पाठवा, आणि कॅमेरा समोर नको, एकदा बाजूने आणि एकदा तिरका मागून. पहिल्या सेटला सगळेच छान करतात, दमल्यावर काय होतं ते बघायचं असतं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, व्हिडिओ एका जागी थांबवून माझ्या उजव्या टाचेभोवती लाल गोल केलेला आणि खाली व्हॉइस नोट, स्क्वॉटमध्ये (उठाबशीसारखा व्यायाम) खाली गेल्यावर उजवी टाच एवढीशी उचलली जातेय, म्हणून सगळा भार गुडघ्यावर येतोय. मग एक टेस्ट करायला लावली. भिंतीपासून साधारण १० सेंटीमीटर लांब पायाचा अंगठा ठेवायचा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा. डावा आरामात टेकला, उजवा टेकेचना. घोटा आखडलेला. वर्षानुवर्षं कडक सेफ्टी शूजमध्ये उभं राहण्याचाही त्यात हात असणार असं मॅडमचं म्हणणं. घोट्याचे दोन साधे व्यायाम दिले, तोपर्यंत टाचेखाली वजनाची पातळ प्लेट ठेवून स्क्वॉट. दोन-अडीच महिन्यांत उजवा गुडघाही भिंतीला टेकला आणि जिना उतरताना जे दुखायचं ते थांबलं. हे समोरच्या ट्रेनरला इतके महिने दिसलं नव्हतं, कारण तो समोर उभा राहून रेप्स मोजायचा. व्हिडिओ थांबवून, मागे घेऊन पुन्हा बघता येतो ही ताकद मला आधी कळलीच नव्हती.

जेवणाच्या बाबतीत तर ऑनलाइनच पुढे, कारण जिमचा तास सोडून उरलेल्या दिवसात कोणीतरी लक्ष घालतं. आपल्या आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आकडा किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन असा आहे, वजनाचा व्यायाम करणाऱ्यांना बरेच कोच १.६ पर्यंत सांगतात, मॅडमनी मला मधला आकडा दिला आणि तोही कॅन्टीनच्या ताटात बसवून. (किडनीचा त्रास असेल तर हे आकडे डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाळू नका.) नाईटला दोन-तीनच्या सुमाराला भूक लागते तेव्हा कॅन्टीनला चहा-बिस्किट नाहीतर वडापाव असतो. आता मुख्य जेवण घरूनच करून निघतो आणि डब्यात दोन उकडलेली अंडी, फुटाणे आणि दही. एका अंड्यात ६ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, म्हणजे फार काही नाही, पण बिस्किटापेक्षा कितीतरी बरं. श्रावणात अंडी बंद, तेव्हा मटकी-हुलग्याची उसळ वाढवली. उपवासाला साबुदाणा खिचडी हा तर प्रोटीनच्या दृष्टीने जवळजवळ रिकामा घास आहे, जे काय असतं ते त्यातल्या शेंगदाण्यात. मॅडम म्हणाल्या उपवास सोडू नका, राजगिऱ्याची भाकरी, दही आणि शेंगदाण्याची आमटी घ्या. आपलं खाणं माहीत असलेला कोच असणं हे किती महत्त्वाचं आहे हे मी ठासून सांगेन, कारण ॲपने मला आधी जो कोच दिला होता तो उत्तरेकडचा, स्वभावाने चांगला, पण रोज राजमा-पनीर-दलिया. थालीपीठ ॲपमध्ये शोधलं तर तीन नोंदी आणि तिन्हीच्या कॅलरी वेगळ्या.

आता खटकलेलं. पहिला कोच दोन महिन्यांत कंपनी सोडून गेला, मला ॲपने कळवलंही नाही, चार-पाच दिवस मेसेजला उत्तर नाही म्हणून मी फोन केला तेव्हा समजलं. रिफंड मागितला तर पॉलिसीत बसत नाही. एक मात्र होतं, माझं सगळं लॉग तिथेच होतं, मॅडमनी आल्या आल्या ते वाचलं आणि पहिल्याच कॉलला मला विचारलं की मधल्या तीन आठवड्यांत बेंच प्रेसचं (बाकावर आडवं पडून बार वर ढकलायचा व्यायाम) वजन का उतरलं होतं. जिममध्ये शून्यापासून सुरू झालं होतं, इथे तसं झालं नाही.

बेंच प्रेसचंच सांगतो. खांद्यात कळ आली तेव्हा मी जिममध्ये, मेसेज टाकला, उत्तर रात्री. त्या वेळी समोर ट्रेनर असता तर तिथल्या तिथे ग्रिप बदलून बघितली असती, नाहीतर थांबवलं असतं. शिवाय बारच्या खाली आपण एकटे असतो, धरायला कोणी नाही. मॅडमनी नंतर बार बंद करून डंबेल प्रेस दिली, हात थकले तर डंबेल बाजूला खाली सोडता येतात. एकट्याने बारवर करणाऱ्यांनी सेफ्टी पिन (बार खाली आला तर अडवणारे आडवे दांडे) असलेल्या रॅकमध्येच करा, हे मनापासून सांगतोय.

ॲपमध्ये एआय कोच पण आहे, त्याचं थोडक्यात, नाईट शिफ्ट सांगूनही तो सकाळी सात वाजता "गुड मॉर्निंग, चला वर्कआउट" पाठवत राहिला, मी बंद केला. मनगटावरच्या बँडवरही फार विसंबू नका. तो हिरवा प्रकाश टाकून कातडीखालच्या रक्तप्रवाहावरून ठोके मोजतो, डंबेल घट्ट धरलं आणि मनगट वाकलं की गडबडतो. कॅलरीचं तर सोडूनच द्या, २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात सात उपकरणं तपासली होती, त्यात ठोके बहुतेकांचे बरे आले पण कॅलरीमध्ये सगळ्यात चांगल्याचीही चूक सरासरी २७ टक्के निघाली. मी बँड फक्त पावलं आणि झोपेसाठी वापरतो, "४०० कॅलरी जाळल्या" म्हणून कधी जास्तीची पोळी घेत नाही.

आता आई. वय ६८, दोन्ही गुडघ्यांची झीज, ऑर्थोपेडिक डॉक्टर म्हणाले मांडीचे स्नायू मजबूत करा. मला वाटलं माझ्यासारखंच तिलाही ऑनलाइन लावू, ज्येष्ठांसाठी लाइव्ह बॅच असते. पण मोबाईल टेबलावर, आई खुर्चीत, स्क्रीन बघायची म्हणून मान वळलेली, तिकडून सांगतात उजवा पाय आणि हिला समोर दिसतो तो उलटा, आवाज तुटतोय. चार वेळा बसली आणि म्हणाली, "अरे, त्या पोरीला मी दिसतच नाहीये."

मग घरी येणारी फिजिओथेरपी झालेली एक ताई लावली, आठवड्यातून दोनदा. तिने खुर्चीवर दोन उशा ठेवल्या, म्हणजे उंची वाढली, आणि आईचे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन फक्त उठ-बस करायला लावली. तिसऱ्या-चौथ्या वेळेला म्हणाली, "आजी, तुम्ही सगळा भार डाव्या पायावर घेताय, माझ्या हाताला कळतंय." तिने नुसत्या हाताने ओळखलं. मग उजवा पाय थोडा मागे घ्यायला लावला. काही आठवड्यांनी एक उशी निघाली, मग दुसरी निघाली. ताई नसते त्या दिवशी मी किंवा बायको करून घेतो, कारण ६५ च्या वरच्यांसाठी तोल आणि ताकदीचा व्यायाम आठवड्यात तीन दिवस तरी सांगितलेला आहे. मी ताईला एक वही आणून दिली, किती वेळा उठली, किती उशा, दुखलं का, सगळं ती लिहिते. मागच्या रामनवमीला आई काळाराम मंदिराच्या पायऱ्या माझा हात न धरता चढली. कुठलीही व्हिडिओ कॉलवाली बॅच हे करू शकली असती असं मला वाटत नाही.

खर्चाचं बोलायचं तर माझ्याकडे पर्सनल ट्रेनरला जिमच्या फीवर महिन्याला आठ-नऊ हजार जायचे, ऑनलाइनला तीन महिन्यांचे मिळून साधारण दहा हजार लागतात. सप्टेंबर २०२५ पासून जिमवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आलाय, रिन्यू करताना बिल नीट बघा. ऑनलाइनवाले बहुतेक ऑटोपे लावून घेतात, पैसे कापण्याच्या २४ तास आधी मेसेज येणं बंधनकारक आहे, तो आला की लगेच ठरवा, नको असेल तर यूपीआय ॲपमध्ये जाऊन मँडेट रद्द करता येतं. आणि कंपनी दाद देत नसेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

घेणाऱ्यांनी पैसे भरायच्या आधी कोचशी एक कॉल मागाच. सर्टिफिकेट कुठलं ते विचारा, एकावेळी किती क्लायंट सांभाळता ते विचारा, व्हिडिओला किती वेळात उत्तर देता ते विचारा, आणि कोच सोडून गेला तर माझं लॉग कोणाला मिळणार हे लेखी घ्या. जिमच्या ट्रेनरलाही हेच विचारा. लिहून ठेवत नसेल तर स्वतः वही घेऊन जा आणि प्रत्येक सेशननंतर त्याच्याकडून भरून घ्या, चांगला ट्रेनर याला कधीच नाही म्हणणार नाही. कधीच व्यायाम न केलेल्यांनी पहिले दोन-तीन महिने समोरचाच माणूस लावा. स्लिप डिस्क, ऑपरेशन झालेलं, गुडघे गेलेले, त्यांनी तर ऑनलाइनच्या वाटेला जाऊच नका.

मी स्वतः अजून सहा महिने रिन्यू केलंय, पण एक अट घालून: दर तीन महिन्यांनी मी एकदा पुण्याला जाणार आणि मॅडम मला समोर उभं करून सगळे लिफ्ट बघणार. त्यांनी जादा पैसे न घेता हो म्हटलंय. पहिली फेरी पुढच्या महिन्यात, फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात रविवार धरून.