दहा फॅरडचा डबा आणि न उडालेली ठिणगी

गाडीत बारा इंची सबवूफर बसवल्यापासून बेसच्या प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मंदावत होते. त्यावर उपाय म्हणून पुण्यातल्या एका कार ॲक्सेसरीजच्या दुकानदाराने ‘१० फॅरड’ (फॅरड हे साठवणक्षमतेचे एकक) असे छापलेला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून गरजेला झटकन देणारा डबा, माझ्या गळ्यात मारला. डब्याचे ७,५०० आणि फिटिंगचे १,२०० असे ८,७०० रुपये त्याने रोख घेतले आणि बिलावर लिहिले फक्त ‘ऑडिओ सामान’.

कपॅसिटर वीज तयार करत नाही, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राला, क्षणभर उसंत मिळते, हे त्याचे म्हणणे तत्त्वतः खोटे नव्हते आणि डब्यावरच्या निळ्या आकड्यांत १४.२ व्होल्ट स्थिर दिसत होते. (इंजिन चालू आणि गाणे बंद असताना ते दिसणारच!)

आजही संताप येतो तो जोडणीच्या क्षणाचा. मोठा रिकामा कपॅसिटर थेट बॅटरीला जोडला तर जोरदार ठिणगी उडते, म्हणूनच तो आधी रेझिस्टरमधून, म्हणजे प्रवाह रोखणाऱ्या भागातून, हळूहळू चार्ज करतात. या माणसाने सरळ जोडला आणि काहीच झाले नाही. ‘आत ऑटोमॅटिक सर्किट आहे, साहेब,’ म्हणाला. बंद डब्याच्या आत काय आहे हे गिऱ्हाइकाने ओळखायचे तरी कसे?

दिवे मंदावतच राहिले. शेवटी एका ऑटो इलेक्ट्रिशियनने वरचे सर्किट काढले. ते केवळ आकडे दाखवणारे निघाले. मग त्याने डबा १०० ओमच्या रेझिस्टरमधून बारा व्होल्टवर भारला. खऱ्या १० फॅरडला साडेसात व्होल्ट गाठायला सुमारे १,००० सेकंद लागतात. हा ५ सेकंदांत पोहोचला, म्हणजे क्षमता ०.०५ फॅरड. आणि एक फॅरडचा अस्सल असता तरी ८० अँपिअर खेचल्यावर सेकंदाच्या ऐंशीव्या भागात एक व्होल्ट उतरला असता. पुढे तो भरायचा भारही अल्टरनेटरवरच. म्हणून बेस वाजत असताना बॅटरीवर आणि ॲम्प्लिफायरवर व्होल्टेज आधी मोजा. माझा दोष इंजिनाच्या गंजलेल्या अर्थिंग वायरमध्ये होता. ती १,४०० रुपयांत बदलली.

पोलीस चौकीत ‘ही दिवाणी बाब आहे’ म्हणून परत पाठवले. तक्रार कक्षाने दुकानदाराचा जीएसटी क्रमांक मागितला, जो बिलावर नव्हताच. नंतर ‘समोरच्या पक्षाचा प्रतिसाद नाही’ एवढ्या शेऱ्यावर तक्रार बंद केली. ज्याने फसवले त्याने गप्प बसावे आणि तेवढ्यावर प्रकरण मिटावे, ही कुठली व्यवस्था? जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, पण ‘ऑडिओ सामान’ म्हणजे हाच डबा, हे सिद्ध कशाने करायचे? वस्तूचे नाव आणि क्षमता बिलावर लिहून घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

दुकानदार मात्र डबा परत घ्यायला तयार आहे, ५०० रुपयांत.