रत्नागिरीचा पावसाळा, चोंदलेलं नाक आणि १२ लिटरचं डिह्युमिडिफायर

खोलीतल्या हवेचा ओलावा ओढून घेणाऱ्या या यंत्राला, म्हणजे डिह्युमिडिफायरला, पाचपैकी चार देते. एक का कापला ते पुढे येईलच. घाईत असलेल्यांसाठी आधीच सांगते: दारं-खिडक्या नीट लागणारी स्लॅबची खोली असेल आणि डॉक्टरांनी तपासून धुळीची ॲलर्जी सांगितली असेल, तर घ्या. नुसती सर्दी वारंवार होते म्हणून घेऊ नका.

मी मूळची सोलापूरची, नोकरी बदलीची. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. आमच्याकडे त्याचा चौथा हिस्सा पडला तरी लोक पेढे वाटतील. सोलापूरच्या ४३ अंशांतही कधी न कुरकुरलेलं नाक इथल्या पहिल्याच आषाढात बसलं. उठल्या उठल्या शिंकांची माळ, कपाळ जड, डोळ्यांच्या मागे ठणका, आणि रात्री ज्या कुशीवर वळावं त्या बाजूची नाकपुडी बंद. घरमालकीण काकींनी ओव्याची पुरचुंडी दिली, निलगिरीचं तेल दिलं, सुंठ उगाळून कपाळाला लावली. "वैनी, तुम्हाला इथला वारा मानवत नाही," हे त्यांचं निदान. वाफ घेतली की जरा वेळ बरं वाटायचं, मग पुन्हा तेच.

शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी हातावर थेंब टाकून टोचून चाचणी केली. डस्ट माइटच्या थेंबाखाली टरारून गांधी उठली. हे किडे नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, चावत नाहीत. गादी-उशीत राहतात आणि आपल्या अंगाचा झडलेला कोंडा खातात. ॲलर्जी मुख्यतः त्यांच्या विष्ठेची. पाणी ते पीत नाहीत, हवेतला ओलावा ओढून घेतात, त्यामुळे खोलीतली आर्द्रता सतत ५० टक्क्यांच्या खाली राहिली की सुकून मरतात. आता मी सोलापूरहून कापसाच्या गाद्या आणि चादरींचा ढीग आणलेला. त्यांची राहण्या-जेवण्याची सोय मीच करून दिली होती म्हणायची!

डॉक्टरांनी नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे दिला आणि तो नाकाच्या मधल्या पडद्यावर न मारता बाहेरच्या बाजूला, कानाच्या रोखाने मारायला शिकवलं. मेडिकलमध्ये मिळणारे, नाक झटकन मोकळं करणारे थेंब चार-पाच दिवसांपलीकडे टाकले तर नाक उलट जास्त चोंदतं, हेही बजावलं. यंत्राबद्दल विचारलं तर म्हणाले, "घ्या, पण माझ्या औषधाच्या जागी घेऊ नका."

यंत्राच्या आधी मी आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर मागवलं, पाचशे रुपयांच्या आत. माझ्या मते खरी खरेदी हीच. जुलैत खिडक्या लावलेल्या झोपायच्या खोलीत त्याने ८४ दाखवलं. हा आकडा बघितल्याशिवाय कुणीही १५ हजार घालू नयेत. तुमच्या खोलीत पावसाळ्यातही पंचावन्नच्या आसपास असेल तर दुखणं दुसरीकडे आहे.

आता यंत्र. आत फ्रिजसारखाच कॉम्प्रेसर असतो. पंखा खोलीतली हवा थंड नळ्यांवरून ओढतो, ओलाव्याचं पाणी होऊन खालच्या टाकीत पडतं आणि कोरडी हवा परत खोलीत येते. खोक्यावर 'रोज १२ लिटर' असं छापलंय, पण तो आकडा ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रतेत चोवीस तास चालवल्याचा असतो. खोली सुकत गेली की पाणी कमी कमी निघतं. पहिल्या रात्री दोन लिटरची टाकी पहाटेच्या आत भरली आणि यंत्र शिट्टी मारून बंद पडलं. मग मागच्या तोटीला पाइप लावून न्हाणीत सोडला, कटकट संपली. बटण ५० वर ठेवलंय. भर पावसात प्रत्यक्षात ५२ ते ५५ मिळतं, उघडीप असेल तर त्याच्याही खाली. माझ्या लहान खोलीला हे पुरतं, हॉलला पुरणार नाही. वीज रात्रभराची दोन युनिट धरा.

जाहिरातीत कुणी सांगत नाही ती गोष्ट म्हणजे उष्णता. वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते, वर कॉम्प्रेसरची स्वतःची. एसी ती घराबाहेर फेकतो, हे यंत्र खोलीतच सोडतं. खोली दोन-तीन अंशांनी तापते. हवा कोरडी असल्याने पंख्याखाली चालून जातं, पण घामाचा त्रास असलेल्यांनी संध्याकाळी चालवून झोपताना बंद करावं. घरात एसी असेल तर आधी त्याचा ड्राय मोड वापरून बघा, कदाचित तेवढ्यावर भागेल.

काकींना भारी उत्सुकता, म्हणून त्यांच्या घरात लावून बघितलं. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं. काटा ढिम्म हलला नाही. कौलांच्या फटींतून अख्ख्या रत्नागिरीची हवा आत येते, तिला कोण सुकवणार? "वैनी, हे आमच्या घराचं काम नाय," म्हणून काकींनीच यंत्र परत पाठवलं. कौलारू घरवाल्यांनी पैसे वाचवावेत. कपाटापुरते कॅल्शियम क्लोराइडचे डबे मिळतात, त्यांनी कपड्यांवरची बुरशी तरी आवरते.

नाकाचं म्हणाल तर पहिला आठवडा काहीच फरक नाही. साहजिकच आहे, किडे मेले तरी त्यांची घाण गादीतच राहते. गादी-उशीला चेनवाली घट्ट विणीची खोळ घातली, अभ्रे-चादरी ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवायला लागले, सोलापुरी चादर पलंगावरून कपाटात गेली (जीवावर आलं), स्प्रे चालूच. महिनाभराने सकाळच्या शिंका तीन-चारवर आल्या आणि कपाळाचा जडपणा गेला. यात यंत्राचं श्रेय किती, खोळीचं किती, स्प्रेचं किती, मला वेगळं काढता येत नाही, आणि 'नुसत्या यंत्राने बरी झाले' असं लिहिणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

टाकीतलं पाणी स्वच्छ दिसतं, पण ते नळ्यांवरची धूळ आणि जंतू घेऊन आलेलं असतं. प्यायला नको, आणि जलनेतीला तर मुळीच नको. नेतीचं पाणी उकळून कोमट केलेलंच हवं. नळाचं किंवा विहिरीचं कच्चं पाणी नाकात वर गेल्याने मेंदूपर्यंत पोचणाऱ्या अमिबाची भीती असते, केरळातल्या बातम्या आपण वाचल्यात. टाकीचं पाणी मी फरशी पुसायला वापरते. टाकी आठवड्याला घासावी लागते, नाहीतर बुळबुळीत होते. जाळी पंधरवड्याला धुवायची.

कापलेला एक गुण विजेपायी. कोकणात पावसात लाइट जाणारच, पण लाइट आल्यावर हे यंत्र आपोआप चालू होत नाही, उठून बटण दाबावं लागतं. झोपेत कळलं नाही तर सकाळी मीटर परत ७८. विकत घेताना 'ऑटो रीस्टार्ट' आहे का, हे आवर्जून विचारा. शिवाय माझ्या कंपनीचा दुरुस्तीवाला रत्नागिरीत नाही, कोल्हापूरहून येतो, तोही चार माणसांची कामं जमली की. नाव लिहीत नाही, पण तुमच्या गावात सर्व्हिस आहे का ते फोन करून विचाराच, वेबसाइटवर जाऊ नका. आणि पार्सल आडवं आलं असेल तर लगेच प्लग लावू नका. कॉम्प्रेसरमधलं तेल खाली बसेपर्यंत यंत्र दिवसभर उभं ठेवा, मग चालू करा.