बेजिंगच्या नववीचा इंग्रजी उतारा: २६ गुणांत काय कळतं, काय निसटतं

चीनमध्ये नववीच्या शेवटी, जून महिन्यात, झोंगकाओ ही परीक्षा होते आणि मुलाला पुढे कोणती शाळा मिळणार हे तिच्या गुणांवर ठरतं. पेपर देशभर एकच नसतो. इथे परीक्षण केलंय ते बेजिंगच्या इंग्रजी पेपरातल्या वाचनाच्या भागाचं. २०१८ पासून त्याचा साचा जवळपास स्थिर आहे, त्यामुळे एका वर्षाचा पेपर दुसऱ्या वर्षाच्या पेपराशी ताडून बघता येतो. इंग्रजीचे १०० गुण: ४० संगणकावर होणाऱ्या श्रवण-संभाषणाचे, ६० लेखी पेपराचे, त्याला वेळ ९० मिनिटं. या ६० मध्ये उताऱ्यांवरचे १३ बहुपर्यायी प्रश्न, प्रत्येकी २ गुण, म्हणजे २६. त्यानंतर आणखी एक उतारा आणि त्यावर स्वतः वाक्य लिहून उत्तर द्यायचे ४ प्रश्न, त्यांचे १०.

आमचं मत आधीच सांगून टाकतो: मुलाला इंग्रजी वाचता येतं का, हे त्या १० गुणांतून जास्त खात्रीने कळतं.

२६ गुणांचे चार उतारे चढत्या क्रमाने लावलेले असतात. पहिल्यात तीन मुलांच्या आवडीनिवडी आणि चार जाहिराती किंवा उपक्रम, त्यांच्या जोड्या लावायच्या. दुसरी गोष्ट, तिसरा माहितीपर लेख, चौथा विचारप्रधान. पहिल्या तिन्हींवर तीन-तीन प्रश्न, चौथ्यावर चार. भाषा जपून निवडलेली असते. २०२२ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात नववीअखेर सुमारे १६०० शब्द अपेक्षित आहेत. त्याबाहेरचा अवघड शब्द आला तर शेजारी कंसात चिनी अर्थ छापतात. मुलांसाठी हे न्याय्य आहे. पण कधी कधी तो एकच कंस अख्ख्या परिच्छेदाची किल्ली ठरतो, आणि मग इंग्रजी न वाचताही उत्तर सापडतं.

आता हिशोब बघा. एखाद्या मुलीला पहिले दोन उतारे नीट कळले, म्हणजे ६ प्रश्न, १२ गुण. उरलेले ७ प्रश्न तिने नुसत्या अंदाजाने भरले. चार पर्यायांत सरासरी पावणेदोन बरोबर येतात, म्हणजे साडेतीन गुण. बेरीज साडेपंधरा, जवळजवळ ६० टक्के. कागदावर ती मध्यम दिसते; प्रत्यक्षात विवेचनात्मक इंग्रजी तिला एक ओळही वाचता आलेलं नाही. काहीही न वाचणाऱ्यालाही सरासरी साडेसहा गुण मिळतात. शिवाय जोड्या लावण्याच्या प्रश्नात एक जोडी चुकली की दुसरीही चुकू शकते, म्हणजे एकाच चुकीचे चार गुण जाऊ शकतात. १३ प्रश्नांच्या छोट्या कसोटीत एवढा धक्का फार मोठा आहे.

चिनी मुलं नेमकी कुठे अडखळतात हे या भागातून निघत नाही, आणि आमची खरी तक्रार हीच आहे. पहिली अडचण शब्दाची. पाठ केलेल्या यादीत एका इंग्रजी शब्दासमोर एकच चिनी अर्थ असतो. 'अ‍ॅड्रेस' म्हणजे पत्ता. मग 'अ‍ॅड्रेस द प्रॉब्लेम' (समस्येला हात घालणं) आलं की वाक्य तिथेच तुटतं. दुसरी अडचण वाक्यरचनेची, आणि ती मराठी शिक्षकाला पटकन उमगेल. चिनीत 'वो खान द शू' म्हणजे शब्दशः 'मी वाचलेलं पुस्तक': विशेषण आधी, नाम नंतर, अगदी मराठीसारखं. इंग्रजीत नाम आधी येतं आणि वर्णन मागून. म्हणून 'द बॉय हू हेल्प्ड दी ओल्ड मॅन लॉस्ट हिज बॅग' या वाक्यात बॅग म्हाताऱ्याची हरवली असं मुलं वाचतात, कारण क्रियापदाच्या लगेच आधी तोच शब्द आहे. तिसरी अडचण 'नॉट... अनटिल'ची. 'ही डिडन्ट लीव्ह अनटिल सिक्स' वाचून 'तो निघालाच नाही' हा पर्याय निवडतात. या तिन्ही चुका उत्तरपत्रिकेवर एकाच काळ्या ठिपक्यासारख्या दिसतात.

लेखी चार प्रश्नांत मात्र त्या उघड्या पडतात. पहिले तीन २-२ गुणांचे, शेवटचा ४ गुणांचा. त्यात बहुधा मजकुराच्या आधारे स्वतःचं म्हणणं कारणासह मांडायचं असतं. इथे दोन गोष्टी बिघडतात. 'व्हाय'च्या उत्तरात मूळ वाक्य जसंच्या तसं उतरवलं जातं, मग 'आय' आणि 'माय' बदलायचे राहून जातात. आणि मताच्या प्रश्नात मुलं पाठ केलेलं वाक्य लिहितात, ज्याचा उताऱ्याशी संबंध नसतो.

सरावाला हा पेपर वापरायचा असेल तर आधी उतारा झाकून फक्त प्रश्न आणि पर्याय द्या. १३ पैकी ६-७ बरोबर आले तर ते प्रश्न वाचन मोजत नाहीत, बाजूला काढा. मग उतारे द्या, ३५ मिनिटं लावा. प्रत्येक उत्तराखाली आधाराची ओळ अधोरेखित करायला सांगा. उत्तर बरोबर पण ओळ चुकीची असेल तर गुण देऊ नका. शेवटी तिसऱ्या-चौथ्या उताऱ्यावरचे दोन प्रश्न पर्याय काढून पुन्हा विचारा, आणि उत्तर एकदा इंग्रजीत, एकदा चिनीत लिहू द्या. चिनीत बरोबर, इंग्रजीत चूक असेल तर दुखणं लेखनाचं आहे. दोन्हीत चूक असेल तर वाचनाचं, आणि त्यावरचा उपाय वेगळा.

तुलनेला केंब्रिजची शाळकरी मुलांसाठीची इंग्रजी परीक्षा, बी-वन प्रिलिमिनरी, घ्या. तिच्या वाचनाच्या पेपरात ४५ मिनिटांत ३२ प्रश्न असतात, म्हणून एखाद्या अंदाजाने निकाल हलत नाही. एका भागात उताऱ्यातून काढलेली ५ वाक्यं ८ पर्यायांतून निवडून जागेवर बसवायची असतात. 'दिस', 'दे', 'हाउएव्हर' यांचे धागे जुळवल्याशिवाय ते जमत नाही. ही कसोटी बेजिंगच्या साच्यात नाही आणि ती यायला हवी. शांघायच्या पेपरात रिकाम्या जागेत शब्दाचं पहिलं अक्षर छापून उरलेला शब्द मुलाकडून लिहून घेतात. तिथेही नुसता अंदाज चालत नाही.

बेजिंगने १३ पैकी तीन बहुपर्यायी प्रश्न काढून त्यांचे ६ गुण लेखी उत्तरांना दिले, तर तपासनीसाचं काम वाढेल, पण शिक्षकाला मुलाची नेमकी अडचण हातात मिळेल.