चाकाचे नट: सोडवायला वेगळं हत्यार, आवळायला वेगळं

गाडीबरोबर जॅकशेजारी जो एल आकाराचा पाना येतो, त्यावर भागतं का, हा प्रश्न मला आंबोली घाटात पडला. भर पाऊस, डावं मागचं चाक पंक्चर, गाडीत आई. तीन नट कसेबसे निघाले. चौथ्यावर पाना बसवून मी टोकावर उभा राहिलो, तर पाना सटकला. वाकून पाहिलं तर नटाचे दोन कोपरे सोलले होते आणि आतलं लोखंड चांदीसारखं चमकत होतं. आठवडाभरापूर्वीच एका दुकानात टायर पुढचे मागे करून घेतले होते आणि तिथे हवेच्या गनने नट आवळले होते.

घरी येऊन हिशोब मांडला. माझं वजन ७० किलो, पाना २५ सेंटीमीटरचा, म्हणजे नटावर साधारण १७० न्यूटन-मीटर (नट फिरवणाऱ्या जोराचं माप) इतका जोर पडला, तरी नट हलला नाही. होंडाच्या बऱ्याच गाड्यांना १०८ आणि टोयोटाच्या लहान गाड्यांना १०३ न्यूटन-मीटर पुरतात. फोक्सवॅगन-स्कोडाला नटांऐवजी बोल्ट असतात, त्यांना १२०. आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये छापलेला असतो, तो आधी शोधून ठेवा.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे की सोडवणं आणि आवळणं ही दोन वेगळी कामं आहेत. सोडवताना जोर हवा, आवळताना माप हवं. दोन्ही चांगलं करणारं एकच हत्यार शोधत बसू नका.

गाडीतला एल पाना फुकट आणि हलका, एवढेच त्याचे गुण. दांडा आखूड, आणि जोर एकाच बाजूने लागत असल्याने तोंड नटावर तिरपं होतं. नट मापात आवळलेले असतील तर काम होतं, गनने आवळले असतील तर कोपरे जातात.

चौफुली पाना त्याहून बराच बरा. एका हाताने वर ओढायचं, दुसऱ्याने खाली दाबायचं, म्हणजे पाना सरळ राहतो. नट एकदा सैल झाला की चौफुली फिरकीसारखी फिरवून झटपट काढता येतो. चार तोंडांना चार मापं असल्याने शेजाऱ्याच्या गाडीलाही चालते. मात्र प्रत्येक बाजूचा दांडा जेमतेम वीतभर असतो, त्यामुळे जाम नटापुढे तीही थकते. लहान गाडीच्या डिकीत जागाही फार अडवते.

माझी पसंती ब्रेकर बारला, म्हणजे टोकाला गोटी (नटावर बसणारं सुटं तोंड, सॉकेट) बसवायच्या लांब दांड्याला. गोटी बसायचा चौकोन अर्धा इंची असलेला, ५० सेंटीमीटर लांबीचा घ्या. १०० न्यूटन-मीटरसाठी त्याच्या टोकाला २० किलोच जोर लागतो. घरी आल्यावर आईला करून पाहायला सांगितलं. ६४ वर्षांच्या माझ्या आईने दोन्ही हातांनी दांडा ओढला, ‘कट्’ असा आवाज झाला आणि नट सुटला. तो आवाज ऐकून आम्हा दोघांनाही फार बरं वाटलं.

गोटी मात्र सहा कोनीच हवी. बारा कोनी गोटी नटाला कोपऱ्याजवळ धरते आणि तोच कोपरा खाते. बहुतेक मारुती-होंडाला १९ मिलिमीटरची गोटी लागते, ह्युंदाई-टोयोटाला २१ ची, फोक्सवॅगन-स्कोडाला १७ ची. अलॉय चाकात नटाभोवतीचं भोक अरुंद असतं, तिथे पातळ भिंतीची गोटी लागते. दुकानाच्या दारात गाडी उभी करून गोटी नटावर बसवून पाहा. डगमगली तर घेऊ नका. रॅचेटने, म्हणजे एकाच दिशेने पकडणाऱ्या दातेदार दांड्याने, जाम नट सोडवू नका, आतले दाते तुटतात.

बॅटरीची इम्पॅक्ट गन, म्हणजे धक्के देत नट फिरवणारं यंत्र, वेगवान आहे यात वाद नाही. घरात तीन-चार गाड्या असतील, चाकं वारंवार काढावी लागत असतील, तर जरूर घ्या. साध्या चकचकीत गोट्या तिच्या धक्क्यांनी तडकू शकतात, त्यामुळे काळ्या इम्पॅक्ट गोट्यांचा खर्च धरावा लागतो. डिकीतल्या उन्हात महिनोन्महिने पडलेली बॅटरी नेमकी गरजेच्या वेळी दगा देऊ शकते. आणि तिने आवळण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. ट्रिगर किती दाबला यावर जोर ठरतो, आणि स्टड (नट ज्यावर बसतो ती आटेदार सळी) ताणला गेला किंवा आटे गेले तर ते पुढच्या पंक्चरलाच कळतं. नट कमीजास्त आवळले गेले तर ब्रेक डिस्क किंचित वाकडी बसू शकते आणि मग ब्रेक दाबताना पॅडल थरथरतं.

आवळायला टॉर्क पानाच. लावलेल्या आकड्याइतका जोर झाला की ‘क्लिक’ होणारा, ४० ते २१० न्यूटन-मीटरच्या आसपासचा, अर्धा इंची. नट आधी हाताने दोन-तीन आटे बसवा, मग समोरासमोरचे आलटून पालटून आवळा. चाक जमिनीला टेकल्यावर टॉर्क पाना लावा. एकदा क्लिक झालं की थांबा, खात्रीसाठी पुन्हा पुन्हा ओढू नका. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नका, कारण मग त्याच आकड्यावर नट प्रत्यक्षात जास्त आवळला जातो. टॉर्क पान्याने नट सोडवू नका, त्याचं माप बिघडतं. काम झालं की आकडा सर्वात खालच्या खुणेवर आणून ठेवा. पन्नास ते शंभर किलोमीटर गाडी चालली की नट पुन्हा तपासा.

पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर ब्रेकर बार आणि बरोबर मापाची गोटी घ्या आणि डिकीत ठेवा, कारण रस्त्यात अडवतो तो न सुटणारा नट. टॉर्क पाना नंतर घेतलात तरी चालेल, तो घरीच बरा, डिकीत आदळून त्याचं माप चुकतं. पंक्चर काढून घेताना मी आता शेवटचं आवळणं हाताने करायला सांगतो. घरी आलो की एकेक नट थोडा सैल करून टॉर्क पान्याने पुन्हा बसवतो. चार चाकांना वीस मिनिटं लागतात.

अलॉय चाकांना चोरीपासून वाचवणारे लॉक नट असतील तर त्यांची चावी आत्ताच शोधून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. ती नसेल तर यातलं कोणतंच हत्यार चालणार नाही.