स्प्रिंग बूट २.७: तसंच ठेवायचं, पैसे भरायचे की वर जायचं?

स्प्रिंग बूट म्हणजे जावामध्ये अ‍ॅप्लिकेशन लिहिण्याची तयार चौकट. तिच्या २.७ या आवृत्तीचा मोफत सपोर्ट, म्हणजे फुकट मिळणाऱ्या दुरुस्त्या, नोव्हेंबर २०२३ मध्ये संपला आणि तिच्या पोटातल्या स्प्रिंग फ्रेमवर्क ५.३ चा ऑगस्ट २०२४ मध्ये. यावर चालणारं अ‍ॅप्लिकेशन तुमच्याकडे असेल तर तीनच वाटा उरतात.

पहिली, काहीच न करण्याची. ‘चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?’ हे बोलणं प्रत्येक मीटिंगमध्ये होतं. ५.३ चं उदाहरण बघा. ५.३.३९ ही शेवटची मोफत आवृत्ती ऑगस्टमध्ये आली आणि सप्टेंबरमध्ये सीव्हीई-२०२४-३८८१६ ही सुरक्षा-त्रुटी जाहीर झाली (सीव्हीई म्हणजे अशा त्रुटींची जाहीर यादी). यूआरएलमध्ये चलाखी करून सर्व्हरवरच्या नको त्या फाइली वाचता येतील, अशी ती त्रुटी. ६.१ या नव्या शाखेवर (आवृत्त्यांच्या मालिकेवर) असलेल्यांना ६.१.१३ मध्ये दुरुस्ती फुकट मिळाली. ५.३ ची दुरुस्ती ५.३.४० मध्ये होती, पण ती फक्त पैसे भरणाऱ्या ग्राहकांसाठी.

आता खरं सांगायचं तर बहुतेकांना या त्रुटीचा धोका नव्हता. स्टॅटिक फाइली राउटर-फंक्शनमधून (कोणत्या यूआरएलला काय द्यायचं ते कोडमध्ये लिहिण्याची एक पद्धत) आणि थेट फाइल सिस्टिमवरून दिल्या जात असतील तरच ती लागू होती. टॉमकॅट किंवा जेटी हे वेब सर्व्हर वापरत असाल, किंवा स्प्रिंग सिक्युरिटीची फायरवॉल चालू असेल, तर अशा रिक्वेस्ट अडायच्याच. पण हे ‘आपल्याला लागू नाही’ ठरवायला कुणीतरी कोड उघडून बसावं लागतं आणि ऑडिटरला लेखी उत्तर द्यावं लागतं. पुढची त्रुटी आली की पुन्हा तेच. तसंच ठेवण्याचा खर्च इथे आहे. तो बजेटमध्ये दिसत नाही एवढंच.

शिवाय स्प्रिंगचा कोड खुला आहे. नव्या शाखेत काय बदललं ते हल्लेखोरही वाचतो, आणि जुन्या शाखेत कुठे बघायचं ते त्याला आयतं कळतं. त्यात कित्येक सूचनांमध्ये सपोर्ट संपलेल्या आवृत्त्यांचा उल्लेखच नसतो. त्रुटी शोधणारा स्कॅनर मग हिरवा राहतो आणि सगळे निर्धास्त.

तरीही थांबायचंच असेल तर निदान टॉमकॅटची आवृत्ती पॉममध्ये (लायब्ररींची यादी असलेल्या फाइलमध्ये) वेगळी लिहून वाढवत राहा. टॉमकॅट ९ ला स्प्रिंगपेक्षा जास्त आयुष्य मिळालंय. फक्त ऑफिसच्या नेटवर्कमध्ये चालणारं आणि काही महिन्यांत बंद होणारं टूल असेल तर मीही हीच वाट धरेन. इंटरनेटवर उघडं असेल आणि कार्ड पेमेंट घेत असेल तर मुळीच नाही. पीसीआय डीएसएस ४.०.१ या कार्ड-सुरक्षेच्या मानकानुसार गंभीर त्रुटींचे पॅच महिन्याभरात लावावे लागतात. जो पॅच तुम्हाला मिळतच नाही तो लावणार कुठून?

दुसरी वाट विकतच्या सपोर्टची. ब्रॉडकॉम देतं, हिरोडेव्ह्जसारख्या इतर कंपन्याही देतात. कोड जवळपास जसाच्या तसा राहतो, जार, म्हणजे लायब्ररींच्या फाइली, बदलतात. सही करण्याआधी मात्र विचारा: हायबरनेट (डेटाबेसशी बोलणारी) आणि जॅक्सन (जेसन वाचणारी-लिहिणारी) या लायब्ररी यात धरल्यात का? नसतील तर अर्धंच छप्पर शाकारल्यासारखं होईल. आणि स्थलांतराची तारीख ठरलेली नसेल तर हे दरवर्षीचं भाडं होऊन बसतं.

तिसरी वाट वर जाण्याची. बूट ३ ला किमान जावा १७ लागतं आणि जावाएक्स (javax) नावाची पॅकेजेस जकार्ता (jakarta) या नव्या नावावर न्यावी लागतात. नावं बदलण्याचं काम ओपनरीराइट हे कोड आपोआप बदलणारं टूल बरंचसं उरकतं. घोळ होतो तो जकार्तावर न आलेल्या जुन्या लायब्ररींचा, आणि हायबरनेट ५ वरून ६ वर जाताना बिघडणाऱ्या क्वेरींचा. सगळ्यात जपायचं ते सिक्युरिटी कॉन्फिगरेशनला: वेबसिक्युरिटीकॉन्फिगररअ‍ॅडॅप्टर हा जुना क्लास आता नाही, त्यामुळे नियम नव्याने लिहावे लागतात. त्यांचा क्रम चुकला तर जुनी त्रुटी बुजवताना नवी तयार होते. आणखी एक गंमत: यूआरएलच्या शेवटी जादा स्लॅश लावणाऱ्या क्लायंटना पूर्वी चालून जायचं, आता ४०४ मिळतो.

माझं मत विचाराल तर आधी २.७.१८ वरच जावा १७ लावून प्रॉडक्शनमध्ये चालवून बघा, मग जकार्ताला हात घाला. बूट ३.५ वर पोचलात की तिथे मुक्काम करू नका. त्याचा मोफत काळ जून २०२६ पर्यंतचाच आहे आणि बूट ४ नोव्हेंबर २०२५ मध्येच आलंय. ३.५ वर नापसंत (डेप्रिकेटेड) ठरवलेल्या, म्हणजे पुढे काढून टाकायच्या, एपीआयचे जे इशारे बिल्डमध्ये दिसतील, ते तिथेच साफ करा. ४ मध्ये त्यातलं बरंच काढून टाकलेलं आहे.