रोज एक पुडी: घरपोच येणाऱ्या व्हिटॅमिन-डब्याबद्दल

महिनाभराच्या व्हिटॅमिनच्या पुड्या एका डब्यात भरून घरपोच पाठवणाऱ्या कंपन्या आता बऱ्याच झाल्या आहेत. त्यांपैकी एकीची सेवा आम्ही सोलापुरात काही महिने घेतली. मला थायरॉईडचा आणि यजमानांना मधुमेहाचा त्रास बऱ्याच वर्षांपासून आहे, त्यामुळे घरात औषधांचे वेळापत्रक आधीपासूनच होते आणि या डब्याची परीक्षा त्या वेळापत्रकातच झाली. पाचपैकी दोन गुण देते, आणि तेही मुख्यतः बांधणीला.

बांधणी खरोखर चांगली आहे. प्रत्येक पुडीवर नाव आणि तारीख छापलेली असते, त्यामुळे ‘आजची घेतली की नाही’ हा प्रश्न उरत नाही. पुडीत मल्टिव्हिटॅमिन, डी-3 सह कॅल्शियम, लोह, केसांसाठी बायोटिन आणि माशाच्या तेलाची कॅप्सूल असा ऐवज होता. सोबतच्या पत्रकात ‘सकाळी उठल्याबरोबर एक पुडी’ अशी सूचना होती आणि माझी सगळी तक्रार या सूचनेपासून सुरू होते.

थायरॉईडची गोळी, म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, उपाशीपोटी घ्यायची असते आणि तिच्यानंतर अर्धा ते एक तास काही खायचे नसते, हे बहुतेकांना ठाऊक असते. कॅल्शियम आणि लोह तिला आतड्यात बांधून ठेवतात, म्हणून त्यांच्यात आणि तिच्यात चार तासांचे अंतर लागते, ही गोष्ट मात्र फार थोड्यांना कोणी सांगितलेली असते. कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबर घेतले तर चांगले शोषले जाते. लोहाला कॅल्शियम जवळ नको असते आणि सकाळचा चहाही नको असतो. डी जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थांबरोबर घेणे बरे. म्हणजे एका पुडीत घातलेल्या या गोळ्यांना खरे तर दिवसाच्या तीन निरनिराळ्या वेळा हव्या असतात. सोय म्हणून जी गोष्ट विकली जाते तीच माझ्यासारख्या रुग्णाच्या उपचाराच्या आड येते. नोंदणीच्या वेळी भरून घेतलेल्या प्रश्नावलीत मी थायरॉईडवर खूण केली होती, तरीही पुडी आली ती सर्वांना येते तीच.

बायोटिनचा प्रकार याहून गंभीर आहे. दिवसाची गरज 30-40 मायक्रोग्रॅमच्या आसपास असताना केसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत ते 10,000 मायक्रोग्रॅमपर्यंत असते. अनेक लॅबमधील थायरॉईड तपासणीची पद्धत बायोटिनवरच आधारलेली असल्यामुळे रक्तात ते जास्त असले की टीएसएच (थायरॉईडला चालना देणारे संप्रेरक) खोटेच कमी आणि टी-4 (थायरॉईडचे स्वतःचे संप्रेरक) खोटेच जास्त दिसू शकते, आणि असा रिपोर्ट पाहून, गोळी जास्त होते आहे असे वाटून, डॉक्टर चालू असलेली गोळी कमी करण्याची शक्यता असते. हृदयविकाराच्या झटक्यात करतात त्या ट्रोपोनिन तपासणीतही असाच घोटाळा होऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 मध्येच तसा इशारा दिला होता. तपासणीच्या निदान दोन दिवस आधी बायोटिन बंद ठेवायला सांगतात. डब्यासोबतच्या गुळगुळीत, रंगीत पत्रकात याचा एका ओळीनेही उल्लेख नाही.

यजमानांचा प्रश्न वेगळा होता. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या शरीरात बी-12 चे शोषण कमी होते, आणि आमच्याकडे तर मांसाहार नाही, त्यामुळे ते मिळणार दूध-दह्यातूनच. पायांना मुंग्या येत असल्या की आपण त्या शुगरच्या खात्यावर मांडतो, पण कारण बी-12 ची कमतरता हेही असू शकते. ते रक्ततपासणीवरूनच कळते. पुडीतील मल्टिव्हिटॅमिनमध्ये बी-12 होते 2.2 मायक्रोग्रॅम, म्हणजे निरोगी माणसाच्या दिवसाच्या गरजेइतके. कमतरता निघाली तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिली ती 1500 मायक्रोग्रॅमची मिथाइलकोबालामिनची, म्हणजे बी-12 चीच, गोळी, कारण शोषणाचा नेहमीचा मार्ग अडलेला असला तरी मोठ्या मात्रेतील साधारण एक टक्का भाग आपोआप रक्तात उतरतो. त्यांच्या मुंग्या पुष्कळ कमी झाल्या त्या या गोळीने. उलट मल्टिव्हिटॅमिनमधील फॉलिक ॲसिडमुळे रक्तक्षय सुधारल्यासारखा दिसतो आणि बी-12 अभावी नसांची हानी आतल्या आत चालू राहू शकते, हेही डॉक्टरांनीच समजावून सांगितले.

जाहिरातीत ‘शुगर आणि थायरॉईड नियंत्रणात’ असे म्हणायचे आणि डब्याच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘औषधी उपयोगासाठी नाही’ असे छापायचे, हे मला पटले नाही. कायद्याने हे अन्नपूरक आहे. त्यावर परवाना क्रमांक असतो तो अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 2,423 लोकांना रोज 4,000 युनिट डी जीवनसत्त्व देऊन पाहणाऱ्या, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीतही मधुमेह लक्षणीय प्रमाणात टळल्याचे दिसले नव्हते. ज्याला कमतरता आहे त्याला डी अवश्य द्यावे. इतके ऊन असलेल्या आपल्या गावातही दिवसभर यंत्रमागाजवळ किंवा स्वयंपाकघरात असणाऱ्यांना ती असू शकते. मात्र आठवड्याला एक घ्यायची 60,000 युनिटची गोळी शेजारणीचे पाहून रोज घेणारेही मी पाहिले आहेत, आणि त्याने रक्तातील कॅल्शियम धोकादायक वाढू शकते.

सोलापूरच्या उन्हाळ्याचा विचार तर कंपनीने केलेलाच दिसत नाही. डब्यावर ‘25 अंशांखाली ठेवा’ असे लिहिलेले, आणि मे महिन्यात तो डबा कुरिअरच्या गाडीतून चाळिशीपार गेलेल्या उन्हात फिरून आमच्या दारात आला. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल पुडीच्या प्लॅस्टिकला चिकटल्या होत्या, एक फुटून तिचे तेल कॅल्शियमच्या गोळीत मुरले होते आणि पुडी उघडताच खवट वास आला. तक्रारीवर उत्तर आले की ‘वास नैसर्गिक आहे’.

सध्या आम्ही नवी पेठेतल्या एका मेडिकलमधून सुट्या स्ट्रिप घेतो. तिथल्या फार्मासिस्टने माझी चिठ्ठी पाहून पहिल्याच वेळी सांगितले, “काकू, थायरॉईडची न् कॅल्शियमची गोळी एका टायमाला घेऊ नका की. ही दुपारच्या जेवणावर घ्या.” कंपनीच्या प्रश्नावलीला जे जमले नाही ते या एका वाक्यात झाले. लिहून दिलेल्या दोन-तीन गोळ्यांचा खर्चही डब्याच्या मानाने बराच कमी येतो, आणि जनऔषधी केंद्रात मिळाल्या तर आणखी कमी. तारखेच्या पुडीची सोय हवीच असेल तर सकाळ, दुपार, रात्र असे खण असलेली प्लॅस्टिकची डबी मेडिकलमध्ये मिळते. रविवारी बसून ती भरावी लागते एवढेच.

ज्यांना कोणताही जुना आजार नाही, नियमित औषध नाही आणि मूत्रपिंडाचा त्रास नाही, त्यांनी हौस म्हणून हा डबा मागवायला हरकत नाही, पण उन्हाळा टाळून मागवावा. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना घटकांची यादी दाखवल्याशिवाय पुडी फोडू नये. वर्गणी बंद करायची असल्यास ती पुढच्या महिन्याचे पैसे कापले जाण्याआधी ॲपमधूनच करावी लागते. फोनवर ते करून देत नाहीत.